कडूबाईच्या गोळ्या, सोडावॉटरचा गॅस

येरमाळ्याच्या कडूबाईला जळायला फार लाकूडफाटा लागत नसे. शेजारणीची म्हैस व्याली, ही जळाली. जावेच्या भावाला सोसायटीत शिपायाची नोकरी लागली, ही जळाली. एकदा तर देवीच्या अंगावर कोरं इरकल बघून घरी आली आणि चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "देवीला काय कमी हाय व्हय? लोकं देत्यात ती बी तिलाच देत्यात." सासूनं कानांवर हात ठेवले. पण कडूबाईचं एक होतं. हेवा सगळेच करतात, बाकीचे तो पदराखाली झाकतात. कडूबाई तो डोक्यावर घेऊन भरबाजारातून फिरायची.

आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं होतं. काळानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी, एवढाच हेतू. काळानं टाकलीही थुंकून. नवरा मात्र तिला गोड मिळाला आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. शांतलिंग दिसायला नीटस, बोलायला मऊ. बाईमाणूस समोर आलं की त्याचा आवाज आणखी अर्ध्या पट्टीनं खाली उतरायचा. त्याच्या मनात काही असायचं असं नाही, पण गोड नवरा म्हणजे उघड्यावर ठेवलेला गूळ, मुंगी कुठून येईल ते सांगता येत नाही. लग्न झाल्यापासून कडूबाई त्या गुळाची राखण करत बसली होती. जमीन कोरडवाहू, ती पावसाच्या हवाली. भांडीकुंडी मोजकी. आपलं म्हणावं असं तिच्याजवळ एकच होतं, आणि ते दुसऱ्या कुणी नेऊ नये एवढीच तिची जन्माची काळजी.

हा शांतलिंग बलभीम मिस्त्रीच्या ट्रॅक्टरवर कंप्रेसरचं काम करायचा. विहिरीच्या खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, लांब पळायचं. त्या हवेच्या नळीशी खेळता खेळता त्याच्या डोक्यात बंदूक आली. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका असतातच, पण तिथं भांडणं फार. "लागली व्हती, फुगा फुटला न्हाय" म्हणून लोक गळपट्टी धरतात. शांतलिंगनं ठरवलं, गोळीच अशी करायची की जिथं लागेल तिथं रंग सांडेल, म्हणजे वाद नाही. सायकलच्या पंपाची नळी, स्टोव्हचा कॉक, बाभळीचा दस्ता, असं जुळवत त्यानं बंदूक केली. पण बंदुकीचा जीव होता गोळीत, आणि गोळ्या करायची कडूबाई. राळ आणि मेण एकत्र वितळवायचं, लाकडी साच्यात पातळ कवच ओतायचं, आत करडईच्या तेलात कालवलेला गेरू भरायचा आणि तोंड बंद करायचं. कवच जाड झालं तर गोळी फुटत नाही, नुसती आदळते. पातळ झालं तर नळीतच फुटते आणि नेम धरणाऱ्याचं तोंड लाल करते. कडूबाईच्या बोटांना त्याची नेमकी जाडी कळायची. शांतलिंगनंही दोन-चारदा करून बघितल्या होत्या. त्या पोरांनी गोट्या म्हणून खेळायला नेल्या.

समोर पत्र्यावर रंगवलेला राक्षस. त्याच्या डोळ्यात गोळी फुटली तर नारळ, नाकावर फुटली तर कंगवा, मिशीवर फुटली तर नुसती वाहवा. असला खेळ सगळ्या मुलखात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. दोन चैत्र त्यांनी तो हवेवर चालवला. भंगारातली ट्रकची हवेची टाकी आणली होती, ती ट्रॅक्टरवर भरून घ्यायची. हवा इमानी. पहिली गोळी जाईल तशीच विसावी जाणार. फक्त ती लवकर संपायची, की पुन्हा ट्रॅक्टरला आवतण.

शहाऐंशीच्या चैत्रात मात्र ट्रॅक्टर येईना. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले. ज्याला त्याला आपली विहीर आणखी खोल न्यायची होती. बलभीम मिस्त्रीला जेवायला फुरसत नव्हती. शांतलिंग विचारायला गेला तर तो म्हणाला, "लोकाच्या हिरीला पाझर फुटंना, आन् तू राक्षसाचा डोळा फोडाय हवा मागतूस? लाज हाय का न्हाय?"

लाज होती, पण पोटही होतं. तेव्हा शांतलिंगला सोडावॉटरची सोसायटी आठवली. गावातल्या पोरांनी चेअरमन आण्णासाहेबांना पुढं करून ती काढली होती. कारखान्यात गॅसच्या टाक्या होत्या, बाटल्या होत्या, गोट्या होत्या, दारावर रंगवलेला बोर्ड होता. फक्त पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्याला हंड्यांची रांग लागायची, त्यात सोडा कुठून करणार? आण्णासाहेब टाक्यांकडं बघत दारात बसलेले असायचे. शांतलिंगनं विचारल्यावर ते म्हणाले, "ने बाबा. हितं नुसत्या उभ्या राहून त्यांला बी कंटाळा आलाय."

टाक्या खरंच उभ्या होत्या, भिंतीला साखळीनं बांधलेल्या. पण त्या तशा का उभ्या असतात हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

घरामागं शांतलिंगनं गॅस लावून बघितला. जोर असा की गोळी पत्र्यावर ठण्णकन बसली. एका टाकीवर दिवसभराची जत्रा निघेल एवढा साठा. त्याचे डोळे चमकले. पण हवेसारखं ह्याचं इमान नव्हतं. दोन गोळ्या नीट जायच्या, तिसऱ्या वेळी नळीतून पांढरा धूर यायचा, कॉकवर बर्फ धरायचा आणि गोळी नळीतच फुटायची. चौथी पायाशी टपकन पडायची. पाचवी राक्षसाच्या डोक्यावरून मागच्या बाभळीत.

कडूबाई म्हणाली, "हवाच बरी. ट्रॅक्टर नसंना का, पायानं पंप म्या मारते."

"तू पंप मारशील, तवर गिऱ्हाईक पंढरीला जाऊन यील."

"मग ह्यो गॅस काय करतोय? तोंडावर थुकतोय."

"त्याची खोड कळंल की हळूहळू," शांतलिंग म्हणाला. यंत्राची खोड आपल्याला कळतेच असं त्याला वाटायचं. टाकी त्यानं एका लाकडी खोक्यावर आडवी निजवली, दोन्ही बाजूंना विटा लावल्या. उभी ठेवली तर पायावर पडेल अशी त्याला भीती. तशीच ती गावच्या देवीच्या जत्रेत नेली आणि तशीच पालात मांडली.

जत्रेच्या पहिल्या दिवशी नागूबाई आली.

नागूबाई नळदुर्गची. जत्रेजत्रेत फुग्यांच्या बंदुका लावायची, नवरा वारल्यावर एकटीच. उंच, सावळी, तोंडात पान आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. बायका ज्या गोष्टी हळू बोलतात त्या ती मोठ्यानं बोलायची. येऊन सरळ पालाच्या दोरीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, बंदूक द्या बगू."

कडूबाईच्या कपाळावर पहिली आठी तिथंच पडली. मिस्त्री! परक्या पुरुषाला बाईमाणूस भाऊ म्हणतं, दादा म्हणतं. हिची जीभ झडत होती काय?

आता दारात आलेल्या बाईला उभं ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. घरात असो की पालात, आधी बसायला द्यायचं. पालात बसण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. शांतलिंगनं विटा बाजूला केल्या, टाकी उचलून मधल्या मेढीला टेकवून उभी केली, खोकं मोकळं केलं आणि त्यावर स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल अंथरला. "बसा," तो म्हणाला. आवाज अर्ध्या पट्टीनं खाली.

नागूबाई बसली. तिथूनच नेम धरला. पहिली गोळी राक्षसाच्या डाव्या डोळ्यात, दुसरी उजव्या डोळ्यात, तिसरी बरोबर नाकावर. धूर नाही, बर्फ नाही. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. नागूबाईनं कॉकवरून बोट फिरवलं आणि ते गार बोट गालाला लावलं. "गॅस झ्याक हाय तुमचा, मिस्त्री," ती म्हणाली. नारळ काखेत मारून गेली. ती गेल्यावर शांतलिंगनं टाकी पुन्हा खोक्यावर निजवली, आणि पुढच्याच गिऱ्हाइकाचं तोंड गेरूनं लाल झालं.

शेजारी जाईबाईचं बांगड्यांचं दुकान होतं. जाईबाईला दुसऱ्याच्या संसारात भोक दिसलं की त्यात बोट घातल्याशिवाय चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी नागूबाई पुन्हा येऊन, पुन्हा तीन गोळ्या बरोबर मारून गेली, तेव्हा जाईबाईनं हळूच कडूबाईला हाक मारली.

"कडे, एक बगितलंस का? लोकांला तुज्या नवऱ्याची बंदूक थुकती, पादती. ती बया आली की कशी सुतासारखी सरळ चालती गं?"

कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तिनंही ते बघितलं होतं. रात्रभर ती तेच उगाळत राहिली. म्हणजे हा तिच्यासाठी कॉक वेगळा लावतो. तिच्यासाठी चांगल्या गोळ्या निवडून ठेवतो. गोळ्या मी करायच्या, बोटं मी भाजून घ्यायची, आणि डोळे हिनं फोडायचे! सकाळी उठून बघते तर शांतलिंग आरसा लावून दाढी करत होता. आठवड्याच्या बाजाराला दाढी करणारा माणूस, काल केली, आज पुन्हा.

"आज गॅस नगं," ती म्हणाली. "हवा लावा."

"काहून?"

"काहून म्हंजे? माज्या गोळ्या हायत. म्या सांगन त्यावर चालतील. त्या गॅसवर बंदूक चालत न्हाय, नखरे चालत्यात."

शांतलिंगला भांडण जमत नसे. त्यानं ट्रकची टाकी बाहेर काढली, कडूबाईनं पदर खोचून पंपावर पाय ठेवला. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. नेम सगळ्यांचे सरळ लागत होते, हवा ती हवाच. पण पाच-सहा गोळ्या झाल्या की खेळ थांबायचा आणि उन्हात ताटकळलेले लोक पाळण्याकडं निघून जायचे. तरी कडूबाई पंप मारत राहिली. दुपार कलली तशी नागूबाई आली. पंप बघितला, ट्रकची टाकी बघितली, तोंडातला पानाचा तोबरा ह्या गालातून त्या गालात सारला आणि न बसताच माघारी वळली.

"बगा!" कडूबाई घाम पुसत म्हणाली. "हवा लावली की ती न्हाय येत."

शांतलिंगचं तोंड उतरलेलं तिला दिसलं. धंदा बुडाला म्हणून उतरलं असेल असं कुणीही म्हटलं असतं. तिला तसं म्हणवेना. त्या दिवसापासून कडूबाईच्या हिशेबी हवा म्हणजे ती स्वतः आणि गॅस म्हणजे नागूबाई. पुढच्या सकाळी शांतलिंगनं मुकाट्यानं गॅसची टाकी खोक्यावर निजवली, तेव्हा तिला सवत घरात आणल्यासारखं झालं.

तो चुनखडी वेचायचा दिवस. देवीची पालखी आमराईकडं निघालेली, निम्मी जत्रा रानात देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचायला पांगलेली. सासू म्हणाली, "चल की गं, खडे येचून यिऊ. पुण्याचं काम हाय." कडूबाईनं आयुष्यात तो दिवस कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी चुकवला. देवी समजून घेईल, तिलाही नवरा असेलच की, असं स्वतःशी पुटपुटली आणि पालाच्या कोपऱ्यात गोळ्यांची पाटी मांडीवर घेऊन पहारा करत बसली.

नागूबाई आली. कडूबाईनं डोळ्याची पापणी लवू दिली नाही. तिची नजर होती शांतलिंगच्या हातांवर. आता कॉक फिरवेल, आता गोळी निवडेल, की धरलाच हात. पण त्यानं कॉकला बोट लावलं नाही. गोळ्या वरच्या वर होत्या तशा दिल्या. केलं ते एवढंच, की बसायला खोकं मोकळं करण्यासाठी टाकी उचलून मेढीला उभी केली. टाकी उचलताना आत काहीतरी डुचमळलं. कडूबाईनं तो आवाज ऐकला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

रॉकेलचा डबा. डबा आडवा कलंडला की रॉकेल भळभळा बाहेर येतं. उभा असला आणि बूच काढलं की नुसता वास येतो. टाकीतही खाली पाणी होतं, गॅसचं पाणी, आणि वर नुसता गॅस. टाकी निजवली की पाणी नळीत यायचं, तिथं फुटायचं, बर्फ थुंकायचं, गोळी फोडायचं. उभी केली की वरचा कोरडा गॅस तेवढा यायचा. एवढंच! हातचलाखी नव्हती. फितुरी नव्हती. ज्या कुणासाठी टाकी उभी केली असती, त्या प्रत्येकाचा नेम लागला असता.

शहाणी बाई असती तर मिठाची गुळणी धरून बसली असती आणि घरी गेल्यावर नवऱ्याला कानात सांगितलं असतं. पण नेमकं त्याच वेळी नागूबाईनं तिसरी गोळी डोळ्यात घातली, बंदूक मांडीवर घेतली आणि साऱ्या बघ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मिस्त्री, काय करता तुमी आमच्यासाठी? तुमच्या हाताला गुण हाय बगा."

आणि शांतलिंग लाजला. मिशीतल्या मिशीत, मान खाली घालून, नव्या नवरीसारखा लाजला.

कडूबाई उठली. मांडीवरची पाटी उपडी झाली, गोळ्या चारी दिशांना पळाल्या.

"गुण ह्येंच्या हाताला न्हाय!" ती ओरडली. "गुण टाकीला हाय! तुला बसाय खोकं पायजे म्हून ह्ये टाकी उभी करत्यात. उभी केली की आतलं पाणी खाली ऱ्हातंय आन् कोरडा गॅस नळीत येतोय, म्हून तुजा नेम लागतोय! आडवी असली की बर्फ थुकती. हाय का ह्यात तुजं काय? का ह्येंचं काय? टाकी उभी ठिवली तर आंधळा बी डोळा फोडंल!"

लोक हसले. जाईबाई बांगड्या सोडून उठून आली. शांतलिंग एकदा टाकीकडं, एकदा बायकोकडं बघत तोंड उघडं टाकून उभा. नागूबाई शांतपणे उठली, टॉवेलची घडी करून खोक्यावर ठेवली, टाकीकडं नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लई उपकार झालं, कडूबाई," ती म्हणाली आणि गेली. पुन्हा त्या जत्रेत पालाकडं फिरकली नाही.

कडूबाईला गगन ठेंगणं झालं. टाकी आता कायमची उभी, मेढीला सुंभानं आवळून बांधलेली. बंदूक सगळ्यांच्या हातात सरळ चालू लागली. राक्षस संध्याकाळपर्यंत लालभडक व्हायचा, नारळ कमी पडायला लागले. भांडून झालं, बाई गेली, धंदा वाढला, नवरा जागच्या जागी. एका दगडात किती पाखरं मारावीत बाईनं? शांतलिंग तेवढा मुका मुका असायचा. कुणी बाई पालाकडं आली की मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. उन्हाची काहिली लागली असेल म्हणून कडूबाईनं त्याला कांद्याचा रस पाजला.

पाऊस त्या वर्षीही आला न आल्यासारखा आला. तरी बंदुकीनं घर तगवलं. छोट्यामोठ्या जत्रा करत पौषात ते नळदुर्गला खंडोबाच्या जत्रेला गेले. एसटीच्या टपावर पत्र्याचा राक्षस बांधलेला, कडूबाईच्या मांडीवर गोळ्यांची पाटी. येरमाळ्याच्या बाया आता बघून जळत असतील ह्या विचारानं ती वाटभर खुशीत होती.

जत्रेत शिरल्यावर पहिल्यांदा दिसली ती गर्दी. गर्दीच्या पलीकडं मोठं पाल, आणि पालात एक नाही, तीन रंगाच्या बंदुका. तीन राक्षस. आणि मागं तीन टाक्या, ओळीनं उभ्या, बांबूला घट्ट बांधलेल्या, वर झेंडूची माळ. खुर्चीवर नागूबाई, मनगटावर घड्याळ.

बंदूक कुणीही बघून करून घेऊ शकतो. लोहार आहेत, मिस्त्री आहेत. टाकीची खोड तेवढी कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती हिनं शंभर माणसांत बोंबलून सांगितली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शांतलिंगला सामानापाशी सोडून ती पदर खोचून तरातरा त्या पालात शिरली.

"चोरटे!" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी येत व्हतीस व्हय गं?"

नागूबाईनं खुर्ची सोडली आणि तिला बसायला दिली. कडूबाई बसली नाही.

"मग कशासाठी येणार?" नागूबाई म्हणाली. "म्या बंदूक सोलापुरात करून घेतलेली. टाकी आणली. दिवाळीपासून त्या चैतापातूर निसता बर्फ थुकत व्हती. तुमी बी गॅस लावलाय आसं ऐकलं, म्हून बगाय आले. रोज बसून बगायची, काय कळंना. मिस्त्रीला गोड बोलून इचारलं, तर त्याला बी ठावं न्हाय. तुमी सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

"निसतं टाकीसाठी?"

"तर."

विचारू नये ते कडूबाईच्या तोंडातून गेलंच. "माज्या नवऱ्यासाठी न्हाय?"

नागूबाई अशी हसली की पानाचा ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "अवं बाई, त्याला घिऊन म्या काय करू? गोड बोलणारं माणूस हर जत्रेत भेटतंय. एक नवरा केला, त्यो मातीआड केला, आता पुन्हा त्यो जंजाळ नगं. मला तुमचा माणूस नगं, तुमच्या गोळ्या पायजेत. माज्या गोळ्या बगा, दगडावानी. लोकांच्या बैलाला मारल्या तर बैल मरंल. तुमी गोळ्या करा, म्या बंदुका लावते. दोघींचं चालंल."

कडूबाईला एकदम दोन गोष्टी वाटल्या. एक, छातीवरचा धोंडा उतरला. दुसरी, भयंकर राग आला. म्हणजे काय? तिनं जिवाचं रान करून राखलेला माणूस, त्याला ही फुकट दिला तरी घेत नाही? एवढा टाकाऊ आहे होय तो? दिसायला काय वाईट आहे? पण रागापेक्षा हसू मोठं होतं. त्या चैत्रात आपण कशावर जळलो, एका टाकीवर! हे शांतलिंगला सांगितल्याशिवाय तिला राहवेना. हसत हसतच ती मागं वळली.

शांतलिंग तिच्या मागंच उभा होता. सामान सोडून कधी आला कुणास ठाऊक. त्यानं सगळं ऐकलं होतं.

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. धंदा गेल्याचा संतापही नव्हता. उन्हात वाट बघून बघून उभ्या राहिलेल्या माणसासमोरून गाडी न थांबता निघून जावी, तसं त्याचं तोंड पडलं होतं. त्यानं नागूबाईकडं एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. तेवढ्यानं कडूबाईला सगळं कळलं. नागूबाईच्या मनात कधीच काही नव्हतं. जे होतं ते ह्याच्या मनात होतं, चैत्रापासून होतं, आणि आत्ता, ह्या क्षणालाही तिथंच होतं. ती इतके महिने भलत्याच बाजूला तोंड करून राखण करत बसली होती.

तिचं हसू ओठांवरच सुकलं. हे जळणं आजवरच्या कुठल्याच जळण्यासारखं नव्हतं, ते डोक्यावर घेऊन बाजारातून फिरण्यातलं नव्हतं. नागूबाई अजून उत्तराची वाट बघत होती.

"देते गोळ्या," कडूबाई म्हणाली. "लागतील तेवढ्या देते. पर न्यायला तू येरमाळ्याला यायचं न्हाय. म्या सोता आणून दीन."